नंबर कुणाचा? धडगावच्या एका पाड्यावरची ई-केवायसी

धडगाव तालुक्यात एका छोट्या संस्थेचं क्षेत्रीय काम मी पाहते. २०२५ च्या सप्टेंबरअखेर ते डिसेंबर या काळात एका पाड्यावर जे घडलं ते इथे मांडलंय. पाड्याचं नाव दिलेलं नाही. माणसांची नावं एक तर बदलली आहेत, नाहीतर टाळली आहेत. असंच काम करणाऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून आमच्या चुकाही ठेवल्या आहेत, आणि त्या किरकोळ नाहीत.

पार्श्वभूमी

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातच, शहादा तालुक्यातल्या टेंभलीला दिलं गेलं. शहाद्याहून घाट चढून वर आलं की आमचा तालुका लागतो. त्या कार्यक्रमाला पंधरा वर्षं होत असताना इथल्या एका पाड्यावर ४१ बायका आपल्या आधारला कुठला मोबाइल नंबर जोडलाय ते शोधत होत्या.

पाडा म्हणजे एका जागी वस्ती नाही. सातपुड्यात ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या शेतात. या टोकाच्या घरून त्या टोकाच्या घरी जायला पाऊण तास लागतो, मध्ये एक ओहोळ. वस्ती पावरा आणि भिल्ल. धडगावला सकाळी एक जीप जाते आणि दुपारी तीच परत येते. चुकली तर रात्र तिकडेच. दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात आणि होळीच्या सुमाराला परततात.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जून २०२४ मध्ये जाहीर झाली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या बाईला महिना १,५०० रुपये. इथले अर्ज अंगणवाडीच्या ताईने स्वतःच्या मोबाइलवरून, रेंज मिळेल तिथे बसून भरले होते. पैसे येऊ लागले. जिला मी इथे जमना म्हणणार आहे, तिने पहिल्या काही हप्त्यांतून दोन शेळ्या घेतल्या. घरातल्या एखाद्या वस्तूबद्दल ‘ही माझी’ असं ती पहिल्यांदाच म्हणत होती, आणि शेळ्या दाखवताना तिने ते दोनदा म्हटलं.

अडचण

१८ सप्टेंबर २०२५ ला शासन निर्णय आला: सर्व लाभार्थींनी दोन महिन्यांत ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पडताळणी, करायची. संकेतस्थळावर बाईचा आधार क्रमांक टाकायचा, आधारला जोडलेल्या मोबाइलवर सहा आकड्यांचा ओटीपी येईल तो भरायचा. मग पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक, आणि त्यांच्या मोबाइलवर येणारा ओटीपी. शेवटी दोन घोषणा. कागदावर हे काम दहा मिनिटांचं आहे.

देशातल्या ग्रामीण भागात स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या बायका ४६.६ टक्के, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९-२१) सांगते. आमच्या पाड्यावर टक्केवारी काढायची गरज नव्हती, घरोघर फिरलो. ४१ पैकी ९ जणींच्या आधारला स्वतःचा चालू नंबर होता. १४ जणींना नवऱ्याचा, भावाचा किंवा मुलाचा जोडलेला होता. ११ जणींचा जोडलेला नंबर बंद पडलेला किंवा कुणाचा ते माहीत नव्हतं. ७ जणींना कुठलाच जोडलेला नव्हता.

जमना त्या ११ मधली. आधारच्या संकेतस्थळावर क्रमांक तपासला की जोडलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. तिचे तीन आकडे मी कागदावर लिहून नेले. तिने कणगीमागच्या पत्र्याच्या डब्यातून प्लॅस्टिकची पुरचुंडी काढली. आत सिम होतं. साधा फोन दोन पावसाळ्यांपूर्वी ओढ्यात पडून गेला, सिम तिने जपलं होतं. सिमच्या कव्हरवरचा नंबर आणि माझ्या कागदावरचे तीन आकडे जुळले. आम्ही दोघी हसलो. रेंज मिळते त्या खडकावर जाऊन मी तो नंबर लावला. पलीकडून एक पुरुष हिंदीत विचारत होता, कोण बोलतंय?

रिचार्ज संपला आणि तीन-चार महिने नंबर वापरात नसला की कंपनी तो काढून घेते आणि पुढे दुसऱ्याला देऊ शकते. नियमातच तशी सोय आहे. जमनाने जपून ठेवलेलं सिम रिकामं होतं, आणि तिच्या आधारचा ओटीपी कुठल्या तरी शहरातल्या, तिचं नावही न ऐकलेल्या माणसाकडे जाणार होता. त्याने तो पुसून टाकला असता, बिचाऱ्याचा काय दोष.

रेंजचं गणित वेगळंच. बायकांकडे ज्या कंपनीची सिमं होती तिची रेंज पाड्यावरच्या एका काळ्या खडकावर मिळे, तीही कॉल आणि एसएमएसपुरती. इंटरनेट चालेल अशी दुसऱ्या कंपनीची रेंज खाली रस्त्याच्या वळणावर. दोन्हींमध्ये हाक पोचेल एवढं अंतर.

समोर असलेले मार्ग

पहिला मार्ग, सगळ्यांना धडगावच्या आधार केंद्रावर न्यायचं. मोबाइल नंबर बदलायला तेव्हा तिथे जातीने जावं लागे, बोटाचे ठसे द्यावे लागत. शुल्क १ ऑक्टोबरपासून ५० चं ७५ रुपये झालं होतं. खरा खर्च जीपभाड्याचा, बुडणाऱ्या रोजाचा, आणि आज रांगेत पाळी आली नाही तर उद्या पुन्हा येण्याचा. अंगावर पिणारं मूल असलेल्या बाईला आम्ही दोनदा कुठल्या तोंडाने पाठवणार?

दुसरा मार्ग पोस्टाचा. २०२१ पासून पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमन दारात येऊन आधारला मोबाइल जोडून देऊ शकतात. सोय चांगली, पण आमच्या भागात हे काम करणारा पोस्टमन एकच, आणि त्याच्या अंगावर डोंगरभर पाडे.

तिसरा मार्ग स्वतःच चालत आला. बाजारात लॅपटॉप घेऊन बसणाऱ्या एकाने निरोप पाठवला: माणशी तीनशे द्या, कुणाचा नंबर टाकायचा ते मी बघतो. बायकांना हा पसंत होता. नाही म्हणायला आम्हाला सोपं, कारण १,५०० रुपये आमचे जाणार नव्हते.

चौथा, तालुक्याला लेखी अर्ज देऊन मुदतवाढ मागायची. अर्ज आम्ही दिला. त्यावर अवलंबून राहायचं नाही असं मात्र ठरवलं.

पहिला निर्णय: आधी कोण

दिवाळी २१ ऑक्टोबरला होती आणि मुदत १८ नोव्हेंबरला संपत होती. टोळ्या निघायच्या त्या याच दोन तारखांच्या मध्ये. आम्ही नेहमीसारखी यादी केली, ज्यांचं काम सोपं त्या आधी. पहिल्या आठवड्यात ९ जणींपैकी ८ जणींची केवायसी झाली. तालुक्याच्या बैठकीत मी तो आकडा सांगितला, कौतुकही झालं.

हा क्रम चुकला होता. त्या ९ जणींमधल्या पाच कुठेच जाणार नव्हत्या, त्यांचं काम डिसेंबरातही झालं असतं. आधी विचारायला हवं होतं की ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) कुणी घेतली आहे, कुणाचा नवरा कधी निघणार. ही माहिती आमच्याकडे कागदावर नव्हती, अंगणवाडीच्या ताईला तोंडपाठ होती. आम्ही तिला विचारलं नाही, फक्त तिच्याकडची यादी घेतली.

दुसरा निर्णय: कुणाचा नंबर

पोस्टमनदादा एका गुरुवारी आले. दिवस एकच मिळणार होता. १८ जणींना नंबर जोडायचा होता आणि त्यातल्या फक्त सहा जणींकडे स्वतःच्या नावाचं चालू सिम होतं.

या क्षणी दोन बाजू होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. घरातल्या पुरुषाचा नंबर जोडला की काम आज होतं. पण मग पुढच्या प्रत्येक योजनेचा ओटीपी त्याला, आणि नंबर बदलायचा तर पुन्हा धडगाव, पुन्हा ७५ रुपये. बाईच्या नावाचं नवं सिम घ्यायचं तर तेही धडगावहून, आणि मग ते चालू ठेवायचं. २८ दिवसांचा सर्वांत साधा पॅक १९९ रुपयांना होता. वर्षाला १३ वेळा भरायचा म्हणजे २,५८७ रुपये, जवळपास दोन हप्ते. तेही एसएमएस वाचता न येणाऱ्या बाईने, खडकावर चढल्याशिवाय न वाजणाऱ्या फोनसाठी.

दूरसंचार नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना इंटरनेट नसलेले, नुसते कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवायला लावले. ८४ दिवसांचा असा पॅक तेव्हा साडेचारशे ते पावणेपाचशेच्या घरात पडे, म्हणजे १९९ वाल्यापेक्षा स्वस्त. धडगावच्या बाजारात तो मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागायला तो आहे हे आधी माहीत हवं. मलाही ते नोव्हेंबरात कळलं.

त्या गुरुवारी सहा जणींना स्वतःचा नंबर जोडला. सहा जणींनी नवऱ्याचा किंवा मुलाचा सांगितला, आम्ही तो जोडला. एकीचा ठसा यंत्राने घेतलाच नाही. आयुष्यभर दगड-माती उपसलेल्या बोटांवर रेषा उरत नाहीत, पाणी लावून, पुसून, दहाही बोटं ठेवून झाली. उरल्या चार जणी. त्यांच्या घरात चालू फोनच नव्हता. दुपारचे साडेतीन झाले होते, पोस्टमनदादांना घाटाखाली उतरायचं होतं. आमच्या कार्यकर्त्याने आपला नंबर पुढे केला. एकाच मोबाइलला कितीही आधार जोडता येतात. मी हो म्हटलं. जमना त्या चौघींत होती.

बेरीज करणाऱ्याला १७ च भरतील. अठरावी टोळीबरोबर आदल्या दिवशीच गेली होती.

तिसरा निर्णय: दोन ओटीपी, तीन जागा

दिवाळीच्या सुट्टीत आश्रमशाळेतली अकरावीची एक मुलगी घरी आली होती. तिला खडकावर बसवलं, बायकांचे फोन आणि सिमं तिच्या ओटीत. वळणावर आमचा कार्यकर्ता संकेतस्थळ उघडून. तो खालून नाव पुकारी, आकडे टाकी. वर मेसेज आला की ती सहा आकडे ओरडून सांगे. ओटीपी दहा मिनिटं चालतो.

पहिल्या दिवशी वारा होता. सात की आठ ते खाली कळेना, तीन ओटीपी चुकले. मग ती ओरडायची सोडून खडकावर उभी राहिली आणि एकेक आकडा बोटांनी दाखवू लागली. शून्याला मूठ. हे आम्ही सुचवलं नव्हतं. त्या दिवशी सहा जणींची झाली.

नवरे गुजरातेत गेल्यावर साखळी लांबली. नवऱ्याला ओटीपी उसाच्या फडात. त्याने तो वाचून खडकावर फोन करायचा, तिथून बोटांनी खाली. फडात फोन चार्ज होई तो मुकादमाच्या ट्रॅक्टरवर, म्हणून वेळ ठरवली संध्याकाळी सहाची. नोव्हेंबरात सहाला अंधार पडतो, बोटं दिसत नाहीत. मुलीने टॉर्च आणला आणि उजेड मिचकावू लागली. ती शाळेत परतल्यावर हे काम तिच्या धाकट्या भावाने केलं, जरा वाईट.

घोषणांबद्दल एवढंच, की घरातलं कुणी सरकारी नोकरीत नाही अशा अर्थाचं नकारार्थी वाक्य, आणि त्याला होय किंवा नाही असं उत्तर. पावरी बोलणाऱ्या बाईला ते उलगडून सांगताना आम्हीच दोनदा अडखळलो. एकीचं उत्तर चुकीचं गेलं, ते पुढे दुरुस्त केलं.

चौथा निर्णय: ओटीपी देणार नाही म्हणणारा नवरा

असे दोघे निघाले. एकाने फोनवर ठाम सांगितलं, ओटीपी कुणाला द्यायचा नसतो. त्याच्या टोळीतल्या एकाचे पैसे असेच गेले होते. आमचा कार्यकर्ता चिडला, मला मात्र त्याचं पटलं. प्रत्येक बँकेचा मेसेज हेच बजावतो, आणि आम्ही त्याला परक्या आवाजात ते मोडायला सांगत होतो. दुसऱ्या दिवशी बायकोला खडकावर आणून तिच्या तोंडून बोलणं केलं. पाच मिनिटांत ओटीपी आला. पहिल्यापासूनच तिने बोलायला हवं होतं.

दुसऱ्याने अट घातली: पैसे माझ्या हातात येणार असतील तर देतो. गावच्या कारभाऱ्याकडून किंवा पोलीस पाटलाकडून त्याला समज द्यायची का, यावर आमच्यात वाद झाला. मी देऊया म्हणत होते. अंगणवाडीची ताई म्हणाली, आधी तिला तर विचारा. तिला विचारलं. ती म्हणाली, “राहू द्या ताई. आज ओटीपी देईल, मग दर महिन्याला हिशोब मागेल.” तिच्या वडिलांचा आधार चालेल का, असं ताईने वरिष्ठांना विचारलं. उत्तर आलं नाही.

परिणाम

नोव्हेंबरात मुदत वाढून ३१ डिसेंबर झाली. आमच्या अर्जामुळे नव्हे, राज्यभरातून ओरड होती. विधवा आणि घटस्फोटित बायकांसाठी वाट निघाली: स्वतःचा ओटीपी भरायचा आणि पतीच्या मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडीत द्यायचा.

डिसेंबरअखेर ४१ पैकी ३४ जणींची केवायसी पूर्ण झाली. राहिल्या ७ मध्ये दोघी गुजरातेत होत्या. तिसरी ठसा न उमटणारी, चौथी हिशोब नको म्हणणारी. उरलेल्या तिघी विधवा, आणि त्यांचं प्रकरण मोबाइलच्या पलीकडचं निघालं.

तिघींचेही नवरे घरीच वारले होते. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. वर्ष उलटलं की कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही, आणि त्यासाठी शपथपत्र, पुरावे, फेऱ्या. एकीचा नवरा सहा वर्षांपूर्वी गेलेला. त्याचं नाव रेशन कार्डावर अजून आहे, त्याच्या आधारला जोडलेला फोन बंद आहे, आणि तो गेल्याचा कागद नाही. शासनाच्या लेखी तो जिवंत, फक्त ओटीपी देत नाही. दाखल्यासाठी अर्ज आता केले आहेत. ते पहिल्याच आठवड्यात करायला हवे होते, कारण सर्वांत जास्त वेळ त्यालाच लागणार हे दिसत होतं. ओटीपीच्या धावपळीत आम्हाला ते दिसलं नाही.

पुन्हा करायचं तर

पहिल्या दिवशी आधारची यादी करायच्या आधी सिमची यादी करीन: सिम कुणाच्या नावावर, कुणाच्या हातात, शेवटचा रिचार्ज कधी. स्वतःचं सिम हवं असलेल्यांना पोस्टमन यायच्या आधीच्या बाजाराला धडगावला नेऊन ते घ्यायला लावीन, ८४ दिवसांच्या पॅकसकट. दोन बहिणींनी किंवा जावांनी मिळून एक साधा फोन आणि दोन सिमं, हा तोडगा नंतर तिथल्या बायकांनीच काढला. आमच्या बैठकीत तो कुणाला सुचला नव्हता.

अकरावीच्या त्या मुलीला आम्ही काहीच दिलं नाही, वह्यासुद्धा नाही. कार्यकर्त्याला त्या दिवसांचा भत्ता मिळाला.

आणि त्या चार जणी. आमचा कार्यकर्ता चांगला मुलगा होता. जानेवारीत त्याला नाशिकला नोकरी लागली, तो गेला. त्याच्याबरोबर नंबर गेला. जमनाच्या आधारचा ओटीपी आला की तो नाशिकला वाजतो. तो फोन करून कळवतो, पण जमनाकडे फोन नाही, म्हणून तो अंगणवाडीच्या ताईला करतो, आणि ताई खडकावर असेल तरच तो लागतो. चार बायकांच्या आधारची किल्ली एका तिऱ्हाईताच्या खिशात आहे, आणि ती मी तिथे ठेवली. त्या गुरुवारी चौघींना एवढंच विचारलं होतं, याचा नंबर टाकू का? त्या हो म्हणाल्या. नंबर जोडण्याचा अर्थ काय, हे सांगायला साडेतीन वाजता वेळ नव्हता.

चौघींपैकी एकीने फेब्रुवारीत धडगावला जाऊन स्वतःचा नंबर जोडला. जमनाने सिम घेतलंय. कव्हरवरचा नंबर तिने मुलाकडून दाराच्या आतल्या बाजूला कोळशाने लिहून घेतलाय आणि नवं सिम जुन्याच पुरचुंडीत ठेवलंय. पोस्टमनदादांनी पुढच्या महिन्यातला एक गुरुवार दिलाय. तोवर रिचार्ज संपू नये म्हणून ताईने तारीख अंगणवाडीच्या भिंतीवर, लसीकरणाच्या तक्त्याशेजारी लिहून ठेवली आहे.